कमवा आणि शिका योजना

महाविद्यालयात शिकत असतानाच विद्यार्थ्याला काम द्यायचे आणि त्या कामाच्या मोबदल्यातून त्याचा शिक्षणाचा खर्च भागवायचा, अशी महाराष्ट्रातील शिष्यवृत्तिसदृश व्यवस्था. कर्मवीर भाऊराव पाटील (२२ सप्टेंबर १८८७–९ मे १९५९) यांनी रयत शिक्षण संस्थेत तिचा पाया घातला. पुढे पुणे, कोल्हापूर आदी ठिकाणच्या विद्यापीठांनी ती स्वीकारली. इतर शिष्यवृत्त्या गुणांवर, प्रवर्गावर किंवा उत्पन्नाच्या दाखल्यावर मिळतात. येथे पैसा कामाच्या तासांवर मिळतो. कष्ट, हिशेब आणि जबाबदारी यांची सवय विद्यार्थिदशेतच लागत असल्यामुळे ग्रामीण युवा उद्योजकतेच्या विचारात या योजनेला महत्त्वाचे स्थान आहे.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यासारख्या शहरात शिकायला आलेला गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत असे. ही सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांपुरतीच होती. शेतकरी, कारागीर आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलांना कोणत्याही घरी वार मिळत नसे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली आणि ही कोंडी फोडली. भाऊराव पाटील कोल्हापुरातच शिकले आणि या कार्याचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला.

उगम : भाऊरावांचा जन्म कुंभोज (जि. कोल्हापूर) येथे झाला. शिक्षण अर्धवट राहिल्यावर त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या आणि पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी गावोगाव फिरले. लाकडी नांगराला सरावलेल्या शेतकऱ्याला नवे अवजार घ्यायला लावायचे, तर त्याच्या बांधावर जाऊन त्याचा खर्च आणि पीक दोन्ही समजून घ्यावे लागे. खेड्यातील गरिबीचे मूळ अज्ञानात आहे, ही त्यांची खात्री या फिरतीत पक्की झाली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांनी काले (ता. कराड) येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुले एका पंगतीत जेवत, स्वयंपाक स्वतः करीत, शेतात राबत आणि बांधकामासाठी दगड-माती वाहत. तंगीच्या काळात भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे घोषवाक्य या अनुभवातूनच आले.

१९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि हे तत्त्व उच्च शिक्षणात आले. १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले. या मुशीतून शिक्षक, प्रशासक आणि लोकप्रतिनिधींची एक पिढी घडली. भाऊरावांचे विद्यार्थी बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

जगातील समांतर प्रयोग : अमेरिकेत केंटकी राज्यातील बेरिया कॉलेज (स्थापना १८५५) आजही विद्यार्थ्यांकडून शिकवणी शुल्क घेत नाही, त्याबदल्यात प्रत्येकाला ठरावीक तास काम करावे लागते. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या टस्कीगी संस्थेत (१८८१) कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी विटा पाडून स्वतःच्या इमारती बांधल्या. पुढे त्या विटा आसपासच्या गोऱ्या लोकांनाही विकल्या जाऊ लागल्या आणि शिक्षणसंस्थेतच एक धंदा उभा राहिला. भारतात ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी मांडलेली ‘नयी तालीम’ ही शिक्षणपद्धती हस्तोद्योगावर आधारलेली होती. भाऊरावांचा प्रयोग त्याआधीच सुरू झाला होता.

कार्यपद्धती : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात (स्थापना १९४९, नामविस्तार २०१४) ही योजना भाऊरावांच्या नावाने चालते आणि संलग्न महाविद्यालयांत विद्यार्थी विकास मंडळामार्फत राबवली जाते. गरजू विद्यार्थी महाविद्यालयाकडे अर्ज करतो आणि निवड झाल्यावर तासिकांच्या आधी किंवा नंतर काम करतो. हजेरीपटावर तास भरले जातात आणि तासांच्या हिशेबाने मोबदला मिळतो. ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर दाखल क्रमांक टाकणे, परत आलेली पुस्तके कपाटात जागच्या जागी लावणे, प्रयोगशाळेत काचेची उपकरणे धुऊन ठेवणे, कार्यालयात प्रवेशअर्जांची छाननी करणे, बागेत झाडांना आळी करून पाणी देणे अशी कामे असतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने (स्थापना १९६२) कमवा व शिका विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र वसतिगृहाची सोय केली आहे. तेथे मुलीही काम करून शिकतात. घरून पैसे मागावे लागत नाहीत, या एका गोष्टीमुळे लग्नासाठी शिक्षण थांबवण्याचा दबाव अनेक मुलींना परतवता येतो.

राळेगणसिद्धी आणि पारनेर परिसर : अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे कमवा आणि शिका योजनेमागील ‘आधी श्रम, मग साहाय्य’ या तत्त्वाचे गावपातळीवरील सर्वांत परिचित उदाहरण आहे. अवर्षणग्रस्त पट्ट्यातील या गावात १९७५ च्या सुमारास दारूच्या भट्ट्या, कर्ज आणि रोजगारासाठी बाहेर जाणे हेच नेहमीचे झाले होते. लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे (जन्म १९३७) यांनी यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार करून तरुणांना एकत्र आणले. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीपासून प्रेरणा घेऊन गावाने नालाबांध, पाझर तलाव, वृक्षलागवड आणि चराईबंदी अशी पाणलोटाची कामे हाती घेतली. सरकारी योजनेचा पैसा आला, तरी त्याला श्रमदानाची जोड देण्याचा गावाचा नियम राहिला. अडल्यानडल्या कुटुंबासाठी धान्य बँक सुरू झाली. शाळेसाठीही गाव राबले, आणि इतरत्र नापास झालेल्या मुलांना तेथे आवर्जून प्रवेश मिळू लागला.

विहिरींना पाणी आले तसा गावात दुधाचा जोडधंदा वाढला. एका घरचा दूधधंदा जवळून पाहिला, तर उद्योजकतेचा सगळा अभ्यासक्रम त्यात सापडतो. संकलन केंद्रावर दुधाची फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धेतर घन घटक) तपासून दर लागतो आणि पेमेंट ठरावीक दिवसांनी होते. त्यातून पेंड, कडबा, औषधपाणी आणि बँकेचा हप्ता वजा करून हातात काय उरले, हे ज्याला काढता येते त्याचा गोठा टिकतो. फॅट एका पॉइंटने का घसरली, भाकड गाय किती दिवस पोसायची, उन्हाळ्याचा चारा कधी घेऊन ठेवायचा, हे निर्णय घरातील शिकलेल्या मुला-मुलीकडे येतात. पदवीसाठी पारनेर, शिरूर, अहिल्यानगर किंवा पुण्याला जाणारी या परिसरातील मुले पुणे विद्यापीठाच्याच कक्षेत येतात. घरी गोठा आणि कॉलेजात कमवा व शिकाचे काम असे दोन्ही सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याकडे उद्योगाला लागणारी शिस्त आधीच असते. त्याला कमी पडते ते भांडवल आणि बाजारपेठेची ओळख.

उद्योजकतेशी जोड : महाराष्ट्रात १९८८ पासून महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र नवउद्योजकांना प्रशिक्षण देत आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने प्रत्येक विद्यापीठात नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांची स्वतंत्र व्यवस्था आणली. २०१८ मध्ये राज्याचे स्टार्टअप धोरण आले. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्ण, आयटीआय-पदविकाधारक आणि पदवीधर यांना कामावरील प्रशिक्षणाच्या काळात दरमहा अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. काम करत शिकणाऱ्याला पैसे देण्याचे भाऊरावांचे तत्त्व सरकारने अशा रीतीने मान्य केले आहे.

मूल्यमापन : योजनेचे सर्वांत मोठे यश श्रमप्रतिष्ठेत आहे. ज्या समाजात झाडू हातात घेणे जातीने ठरत होते, तेथे पदवीचा विद्यार्थी कॉलेजचे आवार स्वतः झाडतो आणि त्याचे पैसे मानाने घेतो. मर्यादाही स्पष्ट आहेत. बरीचशी कामे कार्यालयीन किंवा अंगमेहनतीची असून विद्यार्थ्याच्या विषयाशी त्यांचा संबंध नसतो. मोबदला हातखर्चाला पुरतो, मात्र धंद्याचे भांडवल त्यातून साठत नाही. विद्यापीठातील नवोपक्रम केंद्रे आणि तालुक्याच्या कॉलेजातील कमवा व शिकाचा हजेरीपट यांची अजून नीट गाठ पडलेली नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला गावच्या दूध संस्थेचे हिशेब, रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला माती-पाण्याची तपासणी आणि संगणकाच्या विद्यार्थ्याला शेतकरी गटाच्या मालविक्रीची नोंद असे काम मिळाले, तर त्याच तासांतून पुढचा उद्योग उभा राहू शकतो. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. महाविद्यालयांनी कामांची यादी बदलली पाहिजे आणि विद्यापीठांनी अशा कामाला अधिक मोबदला दिला पाहिजे. हे झाले, तर कमवा आणि शिका ही ग्रामीण महाराष्ट्रातील युवा उद्योजकांसाठी सर्वांत उपयुक्त शिष्यवृत्ती ठरेल.