विचारणा आणि अधिकार

ऑस्ट्रेलियातील आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनीतील बेटवासी यांच्यात आत्महत्येचे प्रमाण इतर नागरिकांच्या दुपटीहून अधिक आहे. या समाजांना कुणी विचारलेच नाही, असे मात्र नाही. आयोग बसले, सुनावण्या झाल्या, अहवाल निघाले. अडले ते पुढे. माहिती लोकांकडून घेतली आणि तिचे काय करायचे ते सरकारी खात्यांनी ठरवले. आदिवासींच्या कोठडीतील मृत्यूंची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १९९१ मध्ये ३३९ शिफारशी केल्या. आदिवासींना स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ द्या, हा त्यांचा गाभा होता. १९९५ मध्ये पॅट स्वान आणि बेव्हर्ली राफेल यांच्या ‘वेज फॉरवर्ड’ अहवालाने देशभर सल्लामसलत करून मानसिक आरोग्याबाबत हेच मांडले. तरी २०१५ च्या ‘गाया धुवी’ जाहीरनाम्याला मानसिक आरोग्य यंत्रणेच्या प्रत्येक पायरीवर आदिवासी नेतृत्व हवे, ही मागणी करावी लागली. ती पुढे नेणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली २०२० मध्ये.

मानसिक आजार हा शास्त्राचा प्रांत, तो लोकांच्या मतावर कसा सोडायचा, हा आक्षेप वजनदार वाटतो. पण सिडनीच्या रेडफर्न वस्तीत १९७१ मध्येच त्याचे उत्तर मिळाले होते. तिथे आदिवासींनी एका दुकानाच्या गाळ्यात स्वतःचा दवाखाना काढला. फ्रेड हॉलोज यांच्यासारखे गोरे डॉक्टर तिथे बिनपगारी काम करत. कारभार मात्र आदिवासींच्या हाती होता. शास्त्राला कुणी हाकलले नव्हते, फक्त त्याचा मालक बदलला होता. ‘गाया धुवी’ जाहीरनामाही वैद्यकीय उपचार नाकारत नाही. समाजाच्या स्वतःच्या आरोग्यविचाराशी त्यांची सांगड घाला, एवढेच म्हणतो.

अधिकार दिल्याने जीव वाचतात याला पुरावा काय, हा दुसरा प्रश्न. कॅनडातील मायकल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड यांनी १९९८ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील आदिवासी वस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जमिनीचा दावा, स्वशासन, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस व अग्निशमन आणि सांस्कृतिक केंद्र यांपैकी जितक्या गोष्टी वस्तीच्या ताब्यात, तरुणांच्या आत्महत्या तितक्या कमी, असे त्यांना आढळले. मुळात धडधाकट असलेल्या वस्त्यांनीच हे सारे मिळवले असेल, अशी शंका घेता येते आणि एवढ्या अभ्यासाने ती पुरती फिटत नाही. पण अधिकार हिरावल्यावर काय होते, तेही दिसते: ऑस्ट्रेलियाच्या त्या शाही आयोगाने तपासलेल्या, कोठडीत मरण पावलेल्या ९९ जणांपैकी ४३ जणांना लहानपणीच घरच्यांपासून तोडले गेले होते. मुलांचे भले कशात आहे हे परस्पर ठरवणाऱ्या व्यवस्थेचा तो हिशेब आहे. म्हणून सल्लामसलतीची कसोटी किती सभा झाल्या ही नव्हे. त्यानंतर पैसा, नेमणुका आणि यशापयशाचे मोजमाप कुणाच्या हाती गेले, ही आहे.