2000 वी तान कोणती? देवगिरीच्या हिशेबनीसाला विचारा

अ‍ॅपने बनवलेली धून ऐकून 'संगीत संपलं' म्हणणाऱ्यांसाठी आजची गोष्ट. 13 वं शतक, देवगिरी, यादव राजा सिंघणाचा दरबार. तिथे हिशेबखात्याचा प्रमुख होता शार्ङ्गदेव. त्याने संस्कृतात 'संगीतरत्नाकर' लिहिला, आणि त्यात चक्क अल्गोरिदम आहे.

सात स्वर, प्रत्येक एकदाच. किती क्रम होतात? 5040. पहिला सा रे ग म प ध नि, शेवटचा बरोब्बर उलटा. शार्ङ्गदेवाने ही यादी कोणत्या क्रमाने मांडायची ते सांगितलं. पण खरी गंमत पुढे आहे: यादी न लिहिताच 2000 वी तान काढायची! याला म्हणतात 'नष्ट'.

बघा हं. पहिल्या 720 तानांच्या शेवटी नि, पुढच्या 720 च्या शेवटी ध, त्यापुढच्या 720 च्या शेवटी प. 2000 तिसऱ्या गटात, म्हणजे शेवटी प. उरले 560. आता सहा स्वर, 120 चे गट, पाचवा गट: रे. असंच करत गेलं की उत्तर: म सा नि ध ग रे प. तान देऊन तिचा नंबर काढणं म्हणजे 'उद्दिष्ट'. दोन्हींसाठी 'खंडमेरू' नावाचं कोष्टक आणि सरकवायला खडे.

गाऊन बघितली मी ही तान. काही खास नाही हो! त्यालाही ते ठाऊक असणार, कारण त्याच ग्रंथात 264 रागांची वर्णनं आहेत, आणि ती काही खडे सरकवून निघालेली नाहीत.