प्रज्वलक, घरगुती वायुभट्टीतील
थंड प्रदेशांतील घरे तापविणाऱ्या वायुभट्टीत इंधनवायू पेटविणारा घटक. भट्टी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर लोहाराची किंवा धातू वितळविण्याची भट्टी येते. परंतु अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे नैसर्गिक वायू जाळून हवा तापविणारे आणि ती पंख्याने नळमार्गांतून घरभर खेळविणारे, बहुधा तळघरात बसविलेले यंत्र या नावाने ओळखले जाते. कडक हिवाळ्यात ते बंद पडल्यास काही तासांत घर गारठते व जलनलिका गोठून फुटण्याचा धोका संभवतो. अशा वेळी दोष पुष्कळदा प्रज्वलकात आढळतो. तो बदलला की भट्टी चालू होते; मात्र कित्येकदा नवा प्रज्वलकही थोड्याच काळात निकामी होतो. या बिघाडाचा उलगडा होण्यासाठी प्रज्वलनाची पद्धत कशी बदलत गेली हे पाहावे लागते.

काडी न ओढता वायू पेटविण्याचा एक जुना प्रयोग योहान व्होल्फगांग डबरायनर यांनी १८२३ मध्ये येना येथे केला. त्यात सच्छिद्र प्लॅटिनमावर हायड्रोजनाचा झोत सोडताच तो पेट घेई. घरगुती भट्टीचे काम मात्र दीर्घकाळ साध्या उपायाने भागले. मुख्य ज्वालकाशेजारी एक लहान ज्योत नंदादीपाप्रमाणे अहोरात्र तेवत ठेवीत. टोमास योहान झेबेक यांनी १८२१ मध्ये शोधून काढलेल्या परिणामावर आधारलेले तपयुग्म या ज्योतीत ठेवलेले असे. ज्योत विझल्यास ते थंड होऊन त्यातील विद्युत् प्रवाह थांबे व वायूची झडप मिटे. या रचनेत मोडण्याजोगे फारसे काही नव्हते आणि विझलेली ज्योत घरमालकही पुन्हा लावू शके. तिचा दोष एकच, तो म्हणजे अखंड खर्च. ताशी सु. ६०० ते ९०० ब्रिटिश औष्णिक एकके इतका वायू उन्हाळ्यातही जळत राही.

स्वस्त वायूच्या काळात याकडे कोणी लक्ष दिले नाही. १९७३ चे तेलसंकट आणि १९७६-७७ च्या हिवाळ्यातील वायुटंचाई यांमुळे दृष्टी बदलली. त्या हिवाळ्यात ओहायोसारख्या राज्यांत शाळा व कारखाने बंद ठेवावे लागले. प्रथम गरजेपुरती ठिणगीने पेटणारी लहान ज्योत व पुढे तप्त पृष्ठाचा प्रज्वलक प्रचारात आला. १९८७ च्या राष्ट्रीय कायद्यान्वये १ जानेवारी १९९२ पासून नव्या भट्ट्यांची वार्षिक इंधन-कार्यक्षमता किमान ७८ टक्के असणे आवश्यक झाले आणि अखंड ज्योत नव्या भट्ट्यांतून जवळजवळ नाहीशी झाली.

तप्त पृष्ठाचा प्रज्वलक प्रारंभी सिलिकॉन कार्बाइडाचा असे. एडवर्ड गुडरिच ॲचिसन यांनी १८९१ मध्ये तयार केलेला हा अपघर्षक पदार्थ अतिशय कठीण, पण तितकाच ठिसूळ आहे. १२० व्होल्ट दाब दिल्यावर तो सु. १५ ते ३० सेकंदांत १,२०० से. च्या आसपास वा त्याहूनही अधिक तापून झगझगतो; मग झडप उघडते व वायू पेटतो. प्रत्येक वेळी शून्यापासून तापणे व पुन्हा निवणे यांमुळे त्यात ताण निर्माण होतात, तर हवेतील ऑक्सिडीभवनाने त्याचा विद्युत् रोध हळूहळू वाढतो. म्हणजे बचतीचा भार एका ठिसूळ तुकड्यावर आला आणि त्याचे आयुष्य वर्षांपेक्षा तो किती वेळा तापतो यावर अधिक अवलंबून राहिले.

निकामी प्रज्वलक ओळखणे सोपे असते. त्यावर केसासारखी भेग किंवा पांढरट डाग दिसतो. चांगल्या थंड प्रज्वलकाचा रोध बहुधा ४० ते ९० ओहम भरतो, तर तडा गेलेल्याचा अनंत. खरी अडचण यापुढे सुरू होते. दर हिवाळ्यात प्रज्वलक बदलावा लागत असेल, तर दोष बहुधा इतरत्र असतो. हाताळताना बोटांचा तेलकटपणा लागणे हे कारण कारागीर सर्वांत आधी सांगतात व ते खोटे नाही. परंतु त्यावरच तपास थांबविणे चुकीचे होय. पुरवठ्याचा दाब १२५ ते १३० व्होल्ट असल्यास प्रज्वलक अतितप्त होतो. वायूचा दाब नियत मूल्याहून (नैसर्गिक वायूसाठी सामान्यतः ३·५ इंच जलस्तंभ) वेगळा असल्यास किंवा ज्वालक मळल्यास वायू उशिरा, लहानशा स्फोटासह पेटतो व त्या धक्क्याने तडा जातो. बांधकामाची धूळ आणि वरून ठिबकणारे पाणी हीदेखील कारणे आहेत.

सर्वांत फसवे कारण म्हणजे अनावश्यक आवर्तने. हवेची गाळणी तुंबली की भट्टी अतितप्त होते, संरक्षक स्विच ती बंद करतो आणि निवल्यावर ती पुन्हा पेटते. असे दिवसभर चालते. घराच्या गरजेहून मोठी भट्टी बसविल्यासही आवर्तने वाढतात. ज्योत-संवेदकाचा दोषही असाच आहे. ज्योतीतून वाहणारा काही मायक्रोअँपिअर एकदिश प्रवाह पाहून नियंत्रक वायू चालू ठेवतो. संवेदकाच्या कांडीवर पुट चढल्यास किंवा भूसंपर्क सैल असल्यास हा प्रवाह क्षीण होतो. पेटलेली ज्योतही नियंत्रकास दिसत नाही, तो वायू तोडतो व प्रज्वलक पुन्हा तापवितो. अशा वेळी कांडी घासून स्वच्छ करणे व भूसंपर्काची तार घट्ट करणे एवढ्यानेही काम भागते.

जपानमध्ये १९८१ मध्ये डीझेल मोटारींच्या तापकांसाठी सिलिकॉन नायट्राइड वापरात आले. त्यात धातूचा तापक बंदिस्त असतो. पुढे वायुभट्टीतही असे प्रज्वलक आले. ते धक्का व हाताळणी पुष्कळ सहन करतात आणि अनेक जुन्या भट्ट्यांत कार्बाइडाच्या जागी बसविता येतात. तुंबलेली गाळणी व सैल भूसंपर्क मात्र त्यांच्यासह तसेच राहतात. प्रज्वलक अधिक काळ तग धरत असल्याने हे दोष केवळ उशिरा लक्षात येतात.