रोजच्या कामातली प्रार्थना : एका विचाराचा इतिहास

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. शाळेच्या आठवणी, सहली, स्नेहसंमेलने, सरांची छडी आणि बाईंची माया यांवर माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, म्हणून इतिहासाचाच एक धागा घेतो. मात्र हा धागा आपल्या वर्गातूनच निघालेला आहे.

आठवत असेल, आठवड्यातून काही तास ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण असे आणि त्याच वेळी बाकीच्यांना शेजारच्या वर्गात नीतिशिक्षण. आमच्या वर्गाच्या भिंतीवर संतांच्या तसबिरी होत्या. कोणाच्या हातात क्रूस, कोणाच्या हातात पुस्तक, कोणाच्या कमलपुष्प. विळा, पळी किंवा भाजीची पाटी हातात असलेला संत काही आम्हाला दिसला नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तर पहाटेपासून रात्रीपर्यंत विळा, पळी आणि पाटी हेच चालू असे. दिवसभर राबणाऱ्या माणसाला पवित्र होता येते का, हा प्रश्न तेव्हा कोणी मोठ्याने विचारला नाही. पण कॅथलिक चर्चच्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे, आणि त्याचे उत्तरही पुन्हा पुन्हा द्यावे लागले आहे.

सुरुवातीच्या शतकांत पवित्र जीवन म्हणजे अरण्यातले किंवा मठातले जीवन, असा समज रुजला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी जे नियम लिहिले, त्यांत काम आणि प्रार्थना यांची सांगड घातली होती. मठातली अवजारे आणि भांडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत, असे त्यांनी कोठाराची जबाबदारी असणाऱ्या बंधूला बजावले. विचार मोठा होता, पण तो मठाच्या भिंतीच्या आत होता. बाहेरच्या शेतकऱ्याने, सुताराने, लेकुरवाळ्या बाईने काय करावे, हे त्यात नव्हते.

ही भिंत ओलांडण्याचे मोठे काम केले संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी. ते जिनिव्हाचे बिशप, पण जिनिव्हा प्रोटेस्टंटांच्या ताब्यात असल्यामुळे राहायचे आन्सी या गावी. नात्यातल्या मादाम द शार्मुआझी नावाच्या एका विवाहित बाईंना ते प्रार्थनेविषयी पत्रे लिहीत. घर, नवरा, पाहुणे, समारंभ या सगळ्यांत राहून देवाकडे लक्ष कसे ठेवावे, हा त्या पत्रांचा विषय. ती पत्रे एका येशूसंघीय धर्मगुरूच्या वाचनात आली आणि छापा म्हणून आग्रह झाला. 1609 मध्ये त्यांचे पुस्तक झाले. त्यातला मुद्दा सरळ होता. बिशपने एकांतवासी संन्याशासारखे राहायचे ठरवले, संसारी माणसाने संन्याशासारखी उद्याची तरतूदच सोडली, किंवा कारागीर दिवसभर चर्चमध्ये बसून राहिला, तर ती भक्ती हास्यास्पद ठरेल. ज्याचे जे काम, त्या कामाच्या मापाने त्याची भक्ती.

त्याच शतकात पॅरिसमध्ये एका मठाच्या स्वयंपाकघरात एक लंगडा माणूस भांडी घासत होता. निकोलस हर्मन हे त्याचे जन्मनाव. लोरेन प्रांतातल्या गरीब घरचा हा मुलगा सैन्यात गेला, युद्धात पायाला जखम झाली, मग कोणाकडे तरी नोकर म्हणून राहिला. 1640 मध्ये तो कार्मेलाइट मठात शिरला आणि ब्रदर लॉरेन्स झाला. धर्मगुरू होण्याइतके शिक्षण नव्हते. स्वयंपाकाची त्याला मनापासून नावड होती, तरी त्याच खात्यात त्याने सुमारे पंधरा वर्षे काढली. पुढे पाय फारच दुखू लागल्यावर मठवासीयांच्या चपला शिवण्याचे काम मिळाले. मठासाठी वाइन खरेदी करायला त्याला बर्गंडीला पाठवत, तेव्हा होडीतल्या पिंपांवरून लोळत सरकण्यावाचून गत्यंतर नसे, असे त्यानेच सांगितले आहे.

या ब्रदर लॉरेन्सला प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत फरक वाटत नसे. चपाती उलटावी तसे तव्यावरचे काही उलटतानाही तो देवाशी बोले. हे वाचून कोणाला वाटेल की युक्ती सोपी आहे. तसे नाही. पहिली दहा वर्षे आपल्याला फार जड गेली, मन सारखे भरकटे, आपण वाया गेलो असे वाटे, हे त्याने लपवलेले नाही. मन भरकटले की स्वतःला दोष देत बसायचे नाही, शांतपणे परत यायचे, एवढीच त्याची रीत. तो 1691 मध्ये वारला. त्याची थोडी पत्रे आणि त्याच्याशी झालेली संभाषणे आबे ब्युफोर नावाच्या धर्मगुरूंनी त्यानंतर छापली. चर्चने त्याला अधिकृतपणे संत केलेले नाही. तरीही ते छोटे पुस्तक प्रोटेस्टंट लोकांनीही आवडीने वाचले.

आता हा धागा आपल्याकडे आणतो. ज्या पिढीत फ्रान्सिस डी सेल्स फ्रेंचमध्ये गृहिणीसाठी लिहीत होते, त्याच पिढीत गोव्यात एक इंग्रज येशूसंघीय मराठीत ओव्या रचत होते. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात उतरले आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या! त्यांनी ओवीच का निवडली असेल, याचा विचार करण्यासारखा आहे. ओवी ही ज्ञानेश्वरीची, तशीच जात्यावरच्या बायकांची. हात दळण्यात गुंतले असतानाही तोंडाने म्हणता येते अशी ती रचना. 1616, 1649 आणि 1654 या तिन्ही आवृत्त्यांची छापील प्रत आज मिळत नाही. ग्रंथ टिकला तो हाताने उतरवून घेणाऱ्यांमुळे आणि म्हणणाऱ्यांमुळे. 1907 मध्ये मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी तो पुन्हा छापला, आणि 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांच्यामुळे तो देवनागरीत वाचायला मिळाला.

वसईचा इतिहास तर या विचाराची परीक्षाच होती. 1534 पासून इथे पोर्तुगीज सत्ता होती. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला आणि किल्ल्यातले फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन व येशूसंघीय मठ ओस पडले. आज आपण सहलीला जाऊन ज्या भिंतींपाशी फोटो काढतो, त्या याच. युरोपीय धर्मगुरू निघून गेले, मोजके स्थानिक धर्मगुरू मागे राहिले. मठ नाहीत, पाठशाळा नाहीत, आणि मिस्सा लॅटिनमध्ये. अशा स्थितीत केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांमध्ये राबणाऱ्या कुटुंबांची श्रद्धा टिकली कशी? माझ्या मते तिचा मोठा आधार घरातली संध्याकाळची जपमाळ आणि वाडीच्या तोंडाशी असलेला क्रूस हाच होता. पुस्तकांतून जे फ्रान्समध्ये शिकवले जात होते, ते इथे गरजेपोटी जगले गेले.

चर्चची घंटा हाही त्याच जगण्याचा भाग. सकाळी, दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला ती होई. देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाची ती आठवण. वाफ्यात वाकलेला माणूस क्षणभर सरळ होई, टोपी काढी, ओठ हलत, आणि पुन्हा पाणी वळवायला लागे. मोजून दोन मिनिटांची ही प्रार्थना. कामातून उठून दूर जावे लागू नये, अशीच तिची आखणी आहे.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने याहून मोलाची एक हकीकत फ्रान्समधल्या व्हाल्स या गावची आहे. तिथे येशूसंघाचे तरुण विद्यार्थी शिकत होते. भारतासारख्या दूरच्या देशात जाऊन सेवा करण्याची त्यांना इतकी घाई झाली होती की अभ्यासात मनच लागेना. 3 डिसेंबर 1844 रोजी, संत फ्रान्सिस झेवियरच्या सणादिवशी, त्यांचे मार्गदर्शक फादर गोत्रले यांनी त्यांना समजावले की आज तुमचा अभ्यास, तुमची कंटाळवाणी कामे, हीच तुमची सेवा आहे. सकाळी उठल्याबरोबर ती देवाला वाहा आणि मग पुस्तक उघडा. यातूनच दिवस अर्पण करण्याची सकाळची प्रार्थना जगभर पसरली. आपल्यापैकी कित्येकांनी ती आईच्या मांडीवर पाठ केली, तिचे मूळ असे विद्यार्थ्यांच्या वैतागात आहे.

त्याच फ्रान्समध्ये पुढे छोटी तेरेजा झाली. 1888 मध्ये पंधराव्या वर्षी ती लिझ्यू येथील कार्मेल मठात गेली आणि 1897 मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. तिच्या आयुष्यात सांगण्यासारखी घटना म्हणावी तर एकही नाही. धुण्याच्या जागी समोरची सिस्टर मळके पाणी तोंडावर उडवते, प्रार्थनेच्या वेळी मागची सिस्टर सारखा बारीक आवाज करते, स्वतः तेरेजालाच प्रार्थनेत झोप येते, अशा गोष्टी तिने लिहून ठेवल्या. त्या चिडचिडीतच प्रेम करायला शिकायचे, हा तिचा छोटा मार्ग. 1925 मध्ये ती संत झाली आणि 1997 मध्ये तिला चर्चच्या आचार्यांमध्ये स्थान मिळाले. तिचे वडील लुई घड्याळजी, आई झेली लेस विणून घेण्याचा व्यवसाय करणारी, नऊ मुलांची आई. त्यांतली चार लहानपणीच गेली. या नवराबायकोला 2015 मध्ये एकत्र संत घोषित केले गेले. चर्चच्या इतिहासात एकत्र संतपद मिळालेले हे पहिले जोडपे. संसारी माणसाला पवित्र होता येते, हे 1609 मध्ये छापले गेले आणि जोडप्याला वेदीवर एकत्र मान मिळायला चारशे वर्षे लागली, हेही इतिहासाने नोंदवलेच पाहिजे.

मधल्या काळात एक मोठा टप्पा येऊन गेला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 21 नोव्हेंबर 1964 रोजी चर्चविषयीचा आपला मुख्य दस्तऐवज जाहीर केला. त्याचा पाचवा अध्याय सांगतो की पावित्र्याचे बोलावणे सर्वांना आहे, मग ते कामगार असोत, विधवा असोत की आजारी असोत. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच पोप सहावे पॉल मुंबईत आले होते. आपल्या आईवडिलांपैकी अनेकजण त्यांना पाहायला गेले होते. त्याच सुमारास मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली, आणि आजीला वेदीवर काय चालले आहे ते प्रथमच शब्दाशब्दाने कळू लागले. 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तर शेजारच्या घरात राहणाऱ्या संतांविषयीच लिहिले.

आपल्या इतर मित्रांना हे ऐकून सावता माळी आठवतील, जनाबाई आठवतील. मळा सोडून पंढरीला न गेलेला माळी आणि दळताना विठ्ठलाला सोबत घेणारी दासी. दोन्ही परंपरा वेगळ्या आहेत, त्यांची सरमिसळ करण्याचे कारण नाही. पण शेजारच्या दोन वर्गांत एकाच वेळी काय शिकवले जात होते, ते आता वय झाल्यावर लक्षात येते.

या विचारात एक धोकाही आहे, तो सांगायला हवा. 'काम हीच पूजा' म्हणत माणूस प्रार्थना सोडून देतो आणि कामच धरून बसतो. ब्रदर लॉरेन्सची दहा वर्षे तो विसरतो. आज आपल्यातले कोणी आखातात आहेत, कोणी विरार लोकलमध्ये उभे आहेत, कोणाच्या वाड्यांवर इमारती उभ्या राहिल्या. वाफाही नाही आणि घंटाही ऐकू येत नाही. वेळेची आठवण करून देणारे बाहेरचे काही उरले नसेल, तर आठवण आतूनच ठेवावी लागते, आणि ते अधिक कठीण आहे.

शेवटी एक काम सुचवतो. फ्रान्सच्या एका स्वयंपाक्याची संभाषणे कोणीतरी लिहून ठेवली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. आपल्या आज्या जपमाळेनंतर ज्या प्रार्थना म्हणत, त्यांतल्या काही सामवेदीत, काही वाडवळीत, काही जुन्या वळणाच्या मराठीत होत्या. त्या पुस्तकांत सापडणे कठीण. ज्यांना चार ओळी आठवत असतील, त्यांनी त्या लिहून किंवा बोलून ठेवाव्यात, कोणाची, कुठल्या गावची हेही नोंदवावे आणि शाळेच्या ग्रंथालयात द्यावे. शिक्षकांविषयीही तेच. जे गुरुजन चाळीस मुलांच्या वह्या रात्री कंदिलाशी तपासत, त्यांनी त्या कामाला काय मानले होते, हे त्यांपैकी जे आज मेळाव्यात भेटतील त्यांना विचारू या. उत्तर उतरवून घेण्यासाठी वही मात्र सोबत असू द्या.