कोपर आधी, मनगट मागाहून

टेबल टेनिसमध्ये फोरहँडला कंबरेचा पीळ मिळतो, खांद्याचं बळ मिळतं, हात मागे न्यायला मोकळी जागा मिळते. बॅकहँडच्या वाट्याला यातलं फारसं काही येत नाही. चेंडू पोटासमोर येतो आणि हात मागे न्यावा तर आपलंच अंग आडवं येतं. हाताशी उरतात ती कोपर आणि मनगट. एवढ्याशा जागेतून चेंडूला जबर फिरकी द्यायची, तर क्षणभर चेंडू धरून ठेवणारं रबर लागतं. म्हणून बॅकहँड टॉपस्पिनचा, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणाऱ्या फटक्याचा, मागोवा घेताना खेळाडूंइतकंच बॅटकडेही बघावं लागतं.

बॅकहँडने मारणारे पूर्वी नव्हतेच असं नाही. हंगेरीच्या व्हिक्टर बार्नाने 1930 आणि मग 1932 ते 1935 अशी पाच वेळा जागतिक एकेरी जिंकली, ती बॅकहँडच्या फ्लिकवर नाव कमावत. पण त्याच्या बॅटला स्पंज नव्हता, लाकडावर नुसतं दाणेदार रबर होतं. त्यावर चेंडू टेकतो न टेकतो तोच उडतो. तो फटका वेगाचा होता, फिरकी त्यात बेताचीच.

स्पंज आला तो आपल्या मुंबईत. 1952 साली इथे जागतिक स्पर्धा भरली, आशियातली पहिली, आणि जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन एकेरी जिंकून गेला. तोवर समोरच्याच्या बॅटचा टकटक आवाज ऐकून फटक्याचा अंदाज बांधणाऱ्या खेळाडूंना त्या बॅटमधून आवाजच येईना. पुढे वाद इतका वाढला की 1959 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम केला: स्पंजवर रबर हवंच, आणि दोन्ही मिळून जाडी 4 मिलिमीटरच्या आत. आजची प्रत्येक बॅट या नियमाची देणगी आहे.

या नव्या रबरावर 1960च्या सुमारास जपान्यांनी लूप, म्हणजे जबर टॉपस्पिनचा फटका, काढला, तोही फोरहँडने. जपानी आणि चिनी खेळाडू पेनहोल्ड धरायचे, पेन धरावं तशी. त्या पकडीत बॅटची एकच बाजू वापरात आणि बॅकहँड म्हणजे प्रामुख्याने ब्लॉक, चेंडू नुसता अडवून परतवणं. चेंडू डावीकडे आला की पाय पळवून फोरहँडनेच मारायचं, ही शिकवण. पायांच्या जोरावर आशियाने अनेक विजेतेपदं मिळवली, पण त्यात बॅकहँडची वाढ खुंटली असं मला वाटतं.

ती उणीव भरून काढली युरोपने, आणि त्यातही हंगेरीने. हस्तांदोलन करावं तशा शेकहँड पकडीत बॅटच्या दोन्ही बाजू हाताशी असतात. इश्तवान योनेर, गाबोर गेर्गेली आणि तिबोर क्लाम्पार या तिघांनी टेबलापासून मागे सरून दोन्ही बाजूंनी टॉपस्पिन मारायची पद्धत रुळवली. 1975 मध्ये योनेर कोलकात्यात जगज्जेता झाला आणि 1979 मध्ये प्याँगयाँगला या त्रिकुटाने चीनला हरवून सांघिक विजेतेपद नेलं. त्याच काळात पंक्चरच्या सोल्युशनसारखा गोंद सामन्याआधी रबराखाली ताजा ताजा लावायची युक्ती पसरली. त्याने स्पंज फुगतो, रबर ताणलं जातं आणि छोट्या हालचालीतूनही चेंडू सुसाट सुटतो. हात मागे न्यायला जागाच नसलेल्या बॅकहँडला हे वरदान होतं. 2008 मध्ये त्या गोंदावर बंदी आली, तोवर कारखान्यातूनच ताणलेली रबरं बाजारात येऊ लागली होती.

आता हा बॅकहँड टॉपस्पिन जवळून पाहा. गुडघे वाकलेले, कोपर अंगापासून थोडी पुढे, काखेत मोकळी जागा. बॅट मांड्यांच्या मध्ये उतरते, मनगट आत वळतं, बॅटचं टोक पोटाकडे येतं. मग कोपर जवळपास जागच्या जागी राहते आणि तिच्याभोवती पुढचा हात उघडतो. मनगट सुटतं ते सगळ्यात शेवटी, चेंडूच्या वरच्या अंगाला घासून जाताना. चेंडू चॉप होऊन (खालून कापून) आला असेल तर जोर वर, ब्लॉक होऊन आला असेल तर पुढे. चिनी खेळाडूंचे व्हिडिओ पाहून आलेली आपली मुलं आधी मनगट झटकायला लागतात. कोपर मागे अडकलेली असेल तर ते मनगट चेंडूला फक्त टपली मारतं. माझ्या मते पहिले काही महिने मनगटाचं नावही काढू नये, कोपर पुढे आणून मल्टीबॉलवर, म्हणजे एकामागोमाग चेंडू टाकून घेतलेल्या सरावात, पुढचा हात उघडायची सवय लावावी.

पुन्हा इतिहासाकडे: हंगेरीनंतर स्वीडन. 1991चा जगज्जेता योर्गन पेर्सन बॅकहँडवर सामने काढायचा. ग्रीसच्या कालिनिकोस क्रेआंगाने तर 2003 मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवताना बॅकहँडमध्ये फोरहँडइतकी ताकद असू शकते हे दाखवलं. चीनने हे सारं बारकाईने पाहिलं होतं. लिऊ ग्वोल्यांगने पेनहोल्ड बॅटच्या मागच्या बाजूलाही रबर लावून बॅकहँड मारायला सुरुवात केली, वांग हाओने ते तंत्र पूर्णत्वाला नेलं आणि 2009 मध्ये जगज्जेता झाला.

मग सगळ्यात मोठा बदल झाला: हा फटका टेबलाच्या वर आला. आखूड सर्व्हिसला पूर्वी पुश करून, म्हणजे चेंडू नुसता ढकलून, उत्तर द्यायचे. चेक खेळाडू पेत्र कोर्बेलच्या नावाशी जोडली जाणारी ‘बनाना फ्लिक’ चीनच्या झांग जीकेने आपलं हत्यार केली: कोपर वर उचलायची, मनगट पूर्ण आत दुमडायचं आणि चेंडूच्या कडेने घासत त्याला वळण द्यायचं. 2011ची जागतिक आणि 2012च्या लंडन ऑलिंपिकची एकेरी त्याने जिंकली. त्यानंतर आखूड सर्व्हिस करून निर्धास्त राहण्याची सोय संपली, कारण रिसीव्ह करणाराच पहिला हल्ला चढवू लागला.

सर्व्हिस करणारेही गप्प बसले नाहीत. बनानासाठी पुढे झुकलेल्या खेळाडूच्या अंगावर ते आता मध्येच लांब, वेगवान सर्व्हिस टाकतात. त्याला झटकन मागे सरून, कोपर खाली आणून, क्लाम्पारच्या काळातलाच टॉपस्पिन मारावा लागतो.