वंगणतेलातले पाणी

मोटारसायकलच्या वंगणतेलात सापडणारे पाणी बहुधा इंजिनातच जन्माला येते. पेट्रोलमधील हायड्रोजनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन जळलेल्या दर लिटरमागे साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक एक्झॉस्टवाटे निघून गेले, तरी थोडा अंश पिस्टनच्या रिंगांना चुकवून क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट ज्या पेटीत फिरतो तिच्यात, उतरतो. ही पेटी थंड असली की वाफेचे पाणी होते, ते तेलात घुसळले जाते आणि फिकट पिवळा, लोण्यासारखा थर जमतो, ज्याला रसायनशास्त्रात पायस म्हणतात.

ब्रिटनमधील आरंभीच्या मोटारसायकलींना ही व्याधी फारशी जडली नाही, मात्र त्याचे श्रेय अभियंत्यांच्या दूरदृष्टीला देता येत नाही. इंजिनात गेलेले तेल पुन्हा गोळा करण्याची सोयच तेव्हा सहसा नसे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने मोठ्या संख्येने वापरलेल्या ट्रायम्फ मॉडेल एचवर स्वार हातपंपाने थोडे थोडे तेल इंजिनात सोडी, आणि ते काही जळून, काही गळून रस्त्यावर जाई. तेल टिकत नसल्यामुळे त्यातले पाणीही साचत नसे.

पाण्याचा प्रश्न आला तो काटकसरीबरोबर. इंजिनात उतरलेले तेल दुसऱ्या पंपाने उपसून टाकीत परत पाठवणारी ‘ड्राय संप’ रचना रॉयल एनफील्डने पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच एका मॉडेलवर काचेच्या तेलटाकीसह आणली होती, आणि 1930 च्या दशकापर्यंत ती ब्रिटिश गाड्यांत रूढ झाली. आता तेच तेल शेकडो मैल फिरू लागले. पण हवेने थंड होणारे इंजिन आणि वाऱ्यात उघडी टांगलेली टाकी यांमुळे इंग्लंडच्या हिवाळ्यात, कामावर जाण्यायेण्याच्या चार-पाच मैलांत, पाणी उडून जाण्याइतके तेल तापतच नसे. त्याच दशकात ब्रिटनमधील मोटार अभियंत्यांच्या संस्थेच्या संशोधनातून दिसून आले की थंड इंजिनातील सिलिंडरची झीज घर्षणापेक्षा गंजण्याने अधिक होते, कारण ज्वलनातून निघणारी आम्ले या ओलाव्यात विरघळतात. वाफ बाहेर सोडणारी ब्रीदर नळी उपयोगी होती खरी, पण वाफ पाण्यात बदलण्यापूर्वीच. आणि पुढे आलेल्या डिटर्जंट तेलांनी गाळ व आम्ले आवरली, तरी पाणी नाहीसे केले नाही.

रॉयल एनफील्डच्या बुलेटमध्ये तेलाचा कप्पा क्रँककेसच्याच ओतकामात असल्यामुळे तेल लवकर तापे. सीमेवरील गस्तीसाठी भारतीय लष्कराने पसंत केलेल्या या गाडीची जुळणी 1955 मध्ये मद्रासला सुरू झाली. मद्रासच्या उन्हात पायसाची चिंता कोणाला पडणार? लडाखसारख्या उंचावरच्या थंड प्रदेशात मात्र इंग्लंडमधला जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. जुन्या बुलेटच्या क्लच आणि गिअरबॉक्सला स्वतंत्र तेल असे, म्हणून इंजिनातले पाणी इंजिनापुरतेच राही. 2010 च्या सुमारास आलेल्या एकसंध इंजिनात या तिन्हींचे तेल एकच झाले, आणि त्यात मिसळलेले पाणीही आता क्लच व गिअरपर्यंत पोहोचते.