वाशिष्ठीची भरती

सीना-भीमेच्या काठी वाढलेल्या आपणां सोलापूरकरांस नदी एकाच दिशेने वाहावयाची, असे वाटणे साहजिक आहे. सह्याद्रीपलीकडची वाशिष्ठी मात्र चिपळूणच्या खाली दिवसातून दोनदा उलटी फिरते. दाभोळच्या मुखातून भरती आत शिरली, की लहान गलबते व पडाव तिच्यावर स्वार होऊन सुमारे ४० किलोमीटर आतल्या गोवळकोटापर्यंत येत. दाभोळास उतरलेले अरबी घोडे घाट चढून बहामनी, पुढे आदिलशाही मुलखात जात. आपला सोलापूरचा किल्ला त्याच मुलखातला. रशियन प्रवासी अफानासी निकितिन परतीस निघाला तो दाभोळहूनच. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज आल्मेइदाने ते बंदर जाळले.

बंदराचे वैभव ओसरले. खाडीतील वस्ती राहिली. काठाला तिवरांची दाटी, मध्ये गाळाची जुवी, आणि ओहोटीस उघड्या पडलेल्या चिखलावर ऊन खात निपचित पडलेल्या मगरी! मगर वस्तुतः गोड्या पाण्यातली. येथे ती मचुळातही सुखाने नांदते.

१९६२ पासून आणखी एक नवल घडते आहे. कराडास कृष्णेला मिळून पूर्वसमुद्रास जावयाचे ते कोयनेचे पाणी, वीज देऊन पोफळीकडून वाशिष्ठीत उतरते.

२२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीचा लोंढा भरतीने तुंबला व चिपळूणची बाजारपेठ बुडाली. तदनंतर पात्रातील गाळ उपसण्यास आरंभ झाला. मगरींची बैठकही त्याच गाळावर आहे.